मुकादमाचं पाणी

आमच्या समोरच्या खोलीतला बबन खरात रोज सकाळी पाच चाळीसला दार उघडतो, पॅसेजमध्ये येऊन उभा राहतो आणि मोठ्याने सांगतो, "पाणी सोडतोय." मग आत जाऊन भिंतीवरचं एक बटण दाबतो. त्या बटणाने मजल्यावर कुणाच्याही नळाला पाणी येत नाही. आमच्या इमारतीला गच्चीवर टाकी आहे, नळ दिवसभर चालतात. बटण दाबलं की खरातच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या फुलातून बोटभर उंचीचं कारंजं उडायला लागतं आणि त्याचा बोका येऊन पाणी पितो. आठ वाजता खरात पुन्हा बाहेर. "बंद करतोय." संध्याकाळी सहाला सोडतो, साडेआठला बंद. अलीकडेपर्यंत वर्षभर हाच कार्यक्रम होता.

सुरुवातीला मजल्यावरची माणसं चिडली. एकाने सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रार नेली. सेक्रेटरी म्हणाला, माणसाने स्वतःच्या दारात उभं राहून काय बोलावं याचा नियम नाही. हळूहळू सवय झाली. शेवटच्या दारातली बाई तर त्याच्या आवाजावरच उठून डबे करायला लागली. एकदा खरातचा घसा बसला तर तिच्या घरचे तिघं उपाशी कामावर गेले.

मी परब. त्याच्या दारासमोर माझं दार. शिक्षण चौथी, तीही मास्तरांनी दया केली म्हणून. गिरणीत साच्यावर कापड विणत सतरा वर्षं काढली, गिरणी बंद झाली तेव्हा वॉचमनगिरी केली, पण कुणापुढे हात पसरला नाही. वाचणारा म्हणेल, चौथी शिकलेला म्हातारा दुसऱ्याची उणीदुणी कशाला काढतो. उणीदुणी काढायला शिक्षण लागत नाही, समोरचं दार लागतं.

खरात पाणीखात्यात चावीवाला होता. चावीवाला म्हणजे कुलपं दुरुस्त करणारा नव्हे. रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकणं असतात, त्यांच्याखाली पाण्याच्या लाइनीचे व्हॉल्व्ह. छातीपर्यंत येईल एवढी लांब चावी खाली सोडून तो ते फिरवायचा. त्याने फिरवलं की या वस्तीचं पाणी सुरू, त्या वस्तीचं बंद. भांडुप-कांजूर पट्ट्यात चौतीस वर्षं हे काम केलं. लग्नाची तारीख धरताना लोक आधी खरातला विचारायचे, त्या दिवशी पाणी किती वाजता, आणि मग मुहूर्त. असा मान मिळालेल्या माणसाला एका तारखेला हार घालतात, नारळ देतात, चावी काढून घेतात आणि घरी पाठवतात. तो घरी आला खरा. पण जगाकडे बघायची नजर तीच राहिली.

त्याला माणसं कळत नाहीत, प्रेशर कळतं. सेक्रेटरीबद्दल विचारलं तर म्हणेल, "माणूस चांगला, पण प्रेशर नाही." माझ्या सुनेबद्दल म्हणाला, "प्रेशर जास्त आहे, जपून." माझा मुलगा तिला घेऊन ठाण्याला वेगळा राहायला गेला तेव्हा म्हणाला, "लाइन फुटणारच होती." मला राग आला. पण खोटं बोलला असं नाही म्हणता येत.

दुसरं त्याचं वाक्य, "टेल एंडला पोचलं का?" लाइनीच्या अगदी शेवटच्या घराला तो टेल एंड म्हणतो. तिथं पाणी सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कमी पोचतं. बुद्धजयंतीला खाली खीर वाटतात तेव्हा हा पातेल्याजवळ थांबत नाही. रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. स्वतःला खायला नव्हे. शेवटच्या माणसाच्या वाटीत किती पडली ते वाकून बघतो आणि मग वाटणाऱ्यांवर ओरडतो. म्हणून त्याला वाटपाच्या कमिटीत कुणी घेत नाही.

तर बोका. लाल रंगाचा, एक कान फाटलेला. गॅलरीतून आला आणि राहिला. खरातने त्याचं नाव ठेवलं मुकादम. का, विचारलं तर म्हणाला, "दुसऱ्याचं काम बघत बसतो, स्वतः काही करत नाही, आणि जेवायच्या वेळेला हजर. आमच्या खात्यात असे सात होते." त्याला मांडीवर घेताना मी खरातला कधी पाहिलं नाही. डोक्यावरून हात फिरवायचा नाही. "मी मांजराचा माणूस नाही," म्हणायचा, "मी पाण्याचा माणूस."

एक दिवस मुकादम मोरीत बसून रडायला लागला. लघवीला बसायचा, होत नव्हती. खरातने त्याला भाजीच्या पिशवीत घातला, मला बरोबर घेतलं आणि रिक्षा केली मुलुंडला, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाईंनी तपासून सांगितलं, लघवीच्या वाटेत खडे अडकलेत. नळी घालून मोकळं केलं.

"बोक्यांना हे होतं," बाई म्हणाल्या. "पाणी कमी पितात. परत अडकलं तर वाचेलच असं सांगता येत नाही. याला भरपूर पाणी प्यायला पाहिजे, काका."

"दर डोई, दर दिवशी किती?" खरातने विचारलं.

बाई जरा थांबल्या. "एक मोठी वाटी धरा. पण वाटीत ठेवलेलं साचलेलं पाणी हा पिणार नाही. याला वाहतं लागतं. मांजरांसाठी कारंजं मिळतं, छोटं, विजेवर चालणारं. ते घ्या आणि चालू ठेवा."

मी खरातचं तोंड बघत होतो. त्याला पुन्हा नोकरी लागली होती.

कारंजं मोबाइलवरून माझ्या सुनेने मागवून दिलं. खोक्यातून पांढरं भांडं निघालं, त्यात अंगठ्याएवढी मोटर, वर प्लास्टिकचं फूल आणि फुलाखाली पापडाएवढा गोल फिल्टर. फिल्टरात एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला कोळशाची भुकटी. हा फिल्टर महिन्याला बदलायचा. वापरायच्या आधी भिजत ठेवायचा, मग धुवायचा, नाहीतर पहिलं पाणी काळं येतं. हे वाचून खरात खूश झाला. "बघ परब, लाइन धुवूनच घ्यावी लागते. छोटी असो, मोठी असो."

दर गुरुवारी देखभाल. मोटरच्या पंख्यात केस अडकतात, भांड्याला बुळबुळीत थर येतो. जुना टूथब्रश, व्हिनेगर आणि दोन तास. या दोन तासांना तो शटडाऊन म्हणतो, आणि बुधवारी संध्याकाळीच बोक्यासमोर उभा राहून त्याला कळवतो, "उद्या दहा ते बारा पुरवठा बंद. सहकार्य करावे." दहा ते बारा पाणी एरवीही बंदच असायचं, पण सूचना निघालीच पाहिजे. गुरुवारी त्या वेळेत एक स्टीलची वाटी भरून ठेवतो. तिचं नाव टँकर. मुकादम टँकरकडे बघत नाही, पण ठेवायचा म्हणजे ठेवायचा.

खर्चाचा प्रश्न आला तो फिल्टरवरून. कारंजं एकदाच घ्यायचं, फिल्टर जन्माचा. एका फिल्टरच्या पैशात अर्धा किलो कोंबडी येते, हे मी त्याला सांगितलं. त्याने कॅलेंडरच्या पानामागे अंदाजपत्रक केलं. देखभाल, दुरुस्ती आणि आकस्मिक अशी तीन खाती. रविवारचं मटण महिन्यातून दोनदा केलं, तंबाखू निम्मी केली आणि वर्तमानपत्र बंद करून टाकलं. बंद केलं म्हणजे त्याच्या घरचं. सात वाजता माझ्याकडे येऊन माझं वाचायला लागला, माझ्याआधी, आणि उलटी घडी घालून परत द्यायला लागला. म्हणजे त्याच्या बोक्याचा निम्मा फिल्टर माझ्या पेपरावर चालत होता. मी हे तोंडावर बोललो. तो म्हणाला, "लोकसहभाग."

मी त्याला स्वस्तातला उपाय सांगितला. आमच्या मालवणकडे करवंटीचा कोळसा मिळतो, फडक्यात बांधून फुलाखाली घाल, पैसे वाचव. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विहिरीत काही टाकलंय. "परब, ही पब्लिक सप्लाय आहे. इथं प्रयोग नाय करायचे."

पण खरी गोष्ट वेळेची. सकाळी दोन तास वीस मिनिटं, संध्याकाळी अडीच तास, मधल्या वेळात कारंजं बंद. बाईंनी चालू ठेवा म्हटलं होतं. चावीवाल्याच्या डोक्यात चालू ठेवणं म्हणजे ठरल्या वेळेला न चुकता सोडणं. चौतीस वर्षांत त्याने कुणाला चोवीस तास पाणी दिलं नव्हतं. बोक्याला कुठून देणार?

गेल्या हिवाळ्यात पुतण्याच्या घरभरणीला तो तीन दिवस गावी गेला, साताऱ्याकडे. खोलीची चावी माझ्या हातात दिली. सोडायची वेळ, बंद करायची वेळ, फुलातून धार एका बाजूला पडली तर काय करायचं, सगळं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागला तेव्हा मी म्हटलं, जा आता, एस. टी. चुकेल.

पाच चाळीसला मी उठलो. सोडलं. आठला बंद करायला गेलो नाही. मी काही त्याचा नोकर नव्हे. गिरणीत भोंग्यावर सतरा वर्षं नाचलो, आता एका बोक्यासाठी घड्याळ बघू? चालू दे म्हटलं.

दुपारी जेवून मी सहज बघायला गेलो. एक वाजून गेला होता. मुकादम कारंज्यापाशी बसून पाणी पीत होता. तीनला गेलो तर परत तिथंच. संध्याकाळी भांडं बघितलं, एका दिवसात दोन दिवसांचं पाणी उतरलं होतं. तिन्ही दिवस तसंच.

खरात परत आला तो दुपारी दोनला. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्याला कारंज्याचा आवाज आला.

"दोन वाजता पाणी? कुणाला विचारून?"

"बोक्याला विचारून."

"परब, चोवीस तास पाणी दिलं की माणूस माजतो. नासाडी करतो. किंमत राहत नाही."

"हा माणूस नाही."

"मग त्याहून लवकर माजेल." त्याने बटण बंद केलं. मोटर हातात घेऊन बघितली, गरम झाली होती. मग माझ्यापुढे हात पसरला, "चावी दे. तुला चावी द्यायला नको होती."

दुसरं काही बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण चावीवाल्याने तोंडावर असं बोलायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. गिरणीच्या मालकानेसुद्धा मला बेभरवशाचा म्हटलं नव्हतं. मी चावी टेबलावर ठेवली आणि निघून आलो.

त्यानंतर अठरा दिवस आम्ही बोललो नाही. तो पेपर वाचायला येईना. मी पेपर वाचून मुद्दाम सरळ घडी घालून खिडकीत ठेवायचो, त्याला दिसेल असा. पाच चाळीसची हाक चालू होती. मी कानावर पांघरूण घ्यायचो. आमची ही सारखी मागे लागायची. "ह्या वयात रुसान बसताना तुमका लाज वाटणा नाय? जावा, बोला त्याच्याशी."

मी म्हटलं, त्याने यावं. बोका दुपारी दुप्पट पाणी पितो हे मला माहीत होतं, आणि मी ते सांगितलं नाही. पाणी कमी पडलं तर जनावर जाईल, हे बाईंनी माझ्यासमोरच सांगितलं होतं. तरी नाही सांगितलं. आधी त्याने यावं, मग सांगू, असं म्हणत राहिलो.

एकोणिसाव्या दिवशी तो आला. सकाळचे अकरा वाजले असतील. दार वाजलं, मी उघडलं. हातात भाजीची पिशवी आणि पिशवीत मुकादम, डोळे अर्धे मिटलेला. मी शर्ट घातला आणि निघालो.

बाईंनी आत नेऊन नळी घातली. बाहेर आल्या आणि विचारलं, "कारंजं दिवसभर चालू असतं ना?"

"असतं की," खरात म्हणाला. "पाच चाळीस ते आठ. संध्याकाळी सहा ते साडेआठ. एक दिवस खाडा नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "काका, त्याला तहान तुमच्या टायमावर नाही लागत."

बोक्याला दोन दिवस तिथंच ठेवायला सांगितलं. वाचेल का, ते उद्या कळेल म्हणाल्या. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. घरी जायचं सोडून का बसलो ते माहीत नाही. समोर रिक्षांची रांग होती. मी म्हटलं, "खरात, तू गावी होतास तेव्हा तो दुपारीपण प्यायचा. मी बघितलं होतं. दोन दिवसांचं पाणी एका दिवसात संपवायचा."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"भांडं बघून. पाणी किती उतरलं ते मला नाय कळणार?"

"मग?"

"मग काय." तो रिक्षांकडे बघत होता. "चौतीस वर्षांचा टाइम होता तो."

मी तंबाखूची डबी पुढे केली. अर्धीच चिमूट घेतली त्याने.

"शांता पाणी मोजून प्यायची," तो म्हणाला. शांता म्हणजे त्याची बायको. चार वर्षांपूर्वी गेली, किडन्या निकामी होऊन. आमच्या हिची मैत्रीण. "या बिल्डिंगच्या आधी टेकडीवर राहायचो ना आम्ही. संडास पार खाली. बायका दिवसभर पाणीच घ्यायच्या नाहीत, उतरायला नको म्हणून. आमच्या टेकडीचं पाणी यायचं तेव्हा मी भांडुपात चावी फिरवत असायचो. ती एकटी भरायची, सगळ्यांना पुरवायची. या घरात आलो, नळ घरात, संडास घरात. तरी अर्धा पेलाच. सवय लागलेली."

एक रिक्षा निघाली, मागची पुढे सरकली.

"मला वाटायचं," खरात म्हणाला, "हिला तहानच कमी."

मी डबी परत त्याच्यापुढे केली.

मुकादम वाचला. बाई म्हणाल्या नशीबवान आहे. खरात म्हणाला, नशीब नाही, नळी वेळेवर पडली. त्या दिवसापासून, गुरुवारचा शटडाऊन सोडला तर, कारंजं बंद झालेलं नाही. शेवटच्या दारातल्या बाईने गजराचं घड्याळ विकत आणलं. चोवीस तासांमुळे फिल्टर महिनाभर टिकत नाही, तीन आठवड्यांतच कापूस काळा पडतो, तेव्हा सुधारित अंदाजपत्रक निघालं आहे. उरलेली तंबाखूही गेली. माझ्या सुनेने मला पेपर मोबाइलवर वाचायला शिकवलं आहे आणि पेपरवाल्याला बंद करा म्हणून मागे लागली आहे. मी अजून बंद केलेला नाही. मोबाइलची घडी घालता येत नाही.

परवा दुपारी मी चहाचा कप घेऊन त्याच्याकडे गेलो. खरात खुर्चीवर बसला होता, तोंड भिंतीकडे, पाठ कारंज्याकडे. दुसरी खुर्चीही तशीच भिंतीकडे वळवून ठेवलेली. मी विचारणार तेवढ्यात त्याने ओठांवर बोट ठेवलं. मुकादमाकडे कुणी टक लावून बघितलं की तो पिता पिता थांबतो, एवढं त्याला या महिन्यात कळलं आहे. मीही भिंतीकडे तोंड करून बसलो. दोन म्हातारे, समोर रंग उडालेली भिंत. मागून मोटरची बारीक घरघर येत होती. मग पावलं वाजली नाहीत, मांजराची वाजत नाहीत, पण जिभेचा आवाज सुरू झाला. लप, लप, लप. थांबेल असं वाटलं की परत सुरू. खरातचे ओठ हलत होते, तो मोजत होता.

आवाज थांबल्यावरही तो लगेच वळला नाही.

"वहिनी पाणी पितात का रे?" त्याने विचारलं.

"कोण, आमची ही?"

"हो."

पन्नास वर्षं आम्ही एका घरात आहोत. तिला मासळी कुठली आवडते, कुठल्या देवाला नवस बोलली आहे, कुणावर राग धरून आहे, सगळं मला तोंडपाठ. मी आठवून बघितलं. ती मला पाणी देताना आठवली, पाहुण्यांना देताना आठवली, तुळशीला घालताना आठवली. स्वतः पिताना आठवेना.

"पीत असेल की," मी म्हटलं.

"असेल नको, परब," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "जाऊन बघ."

चहा अर्धा राहिला होता. तो तिथंच ठेवून मी उठलो.